टाईप वन मधुमेह: जेवणानंतरची साखर वयाप्रमाणे कशी सांभाळायची

"डोस तोच, पोहे तेवढेच, मग आज साखर २८० कशी?" टाईप वन मधुमेह असलेल्या घरांत हा प्रश्न रोजचा आहे. मी इंदूरमध्ये आहारसल्ल्याचं काम करते आणि माझ्यासमोर हा प्रश्न घेऊन कधी चार वर्षांच्या मुलीची आई बसलेली असते, कधी दहावीतला मुलगा, कधी तीस वर्षं इन्सुलिन घेणारे काका. तिघांच्या घरी सकाळी पोहेच असतात. तरीही तिघांना एकच उत्तर देता येत नाही, कारण जेवणानंतर साखर किती चढेल, कधी चढेल आणि कधी उतरेल हे वयाप्रमाणे बदलतं.

वय म्हणताना इथे दोन वयं धरायची: माणसाचं आणि आजाराचं. पन्नाशीत निदान झालेल्या माणसाचा आजार एक वर्षाचा असतो, आणि चौथ्या वर्षी निदान झालेल्या पंचविशीतल्या मुलीचा आजार एकवीस वर्षांचा. बहुतेक घरं फक्त पहिलं वय बघतात. माझ्या मते निम्मा घोळ तिथेच होतो.

डोसबद्दल पुढे जे लिहिलंय ते तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच वापरा. मोजणं, लिहिणं आणि आकडे वाचणं मात्र आजपासून तुमच्या हातात आहे.

आधी समजून घ्या: बिघडतं काय

निरोगी शरीरात जेवण सुरू झालं की काही मिनिटांतच स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन सोडतात आणि ते थेट यकृताकडे जातं. त्याच पेशी अ‍ॅमिलिन नावाचं आणखी एक संप्रेरक सोडतात. जठरातून अन्न हळूहळू पुढे जाईल हे ते बघतं. शेजारच्या अल्फा पेशींना त्याच वेळी ग्लुकागॉन बंद करण्याचा इशारा मिळतो, म्हणजे यकृत स्वतःकडची साखर रक्तात सोडायचं थांबतं.

टाईप वनमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच बीटा पेशींवर उलटते आणि ही तिन्ही कामं बिघडतात. टोचलेलं इन्सुलिन आधी त्वचेखाली मुरतं, मग रक्तात येतं. अन्न पुष्कळदा लवकर पुढे सरकतं. ग्लुकागॉन जेवणानंतर दबण्याऐवजी वाढतो, म्हणजे ताटातली साखर चढत असतानाच यकृतही आपली भर घालतं. मोजून खाल्लं, मोजून टोचलं आणि तरी साखर उसळली, तर दरवेळी कुणाची चूक शोधू नका. शरीराची यंत्रणाच अशी झालेली असते.

आजाराचं वय यात असं दिसतं: निदानानंतरचे काही महिने, कधी वर्षभर, उरलेल्या बीटा पेशी थोडं काम करतात. यालाच डॉक्टर हनीमूनचा काळ म्हणतात. तेव्हा दिवसभराचं इन्सुलिन वजनाच्या दर किलोला अर्ध्या युनिटपेक्षाही कमी लागू शकतं आणि जेवणानंतरची साखर शहाण्यासारखी वागते. पुढे हा आधार संपत जातो. लहान मुलांमध्ये तो भराभर संपतो, मोठेपणी आजार झालेल्यांमध्ये सावकाश. सातव्या वर्षाच्या आत निदान झालेल्या मुलांच्या स्वादुपिंडात प्रतिकारशक्तीचा हल्ला वेगळ्या प्रकारचा आणि जास्त तीव्र आढळतो, आणि तेरा वर्षांनंतर निदान झालेल्यांमध्ये त्या वेळी बऱ्याच बीटा पेशी शिल्लक सापडतात, हे संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेलं आहे. बॉस्टनच्या जॉस्लिन केंद्राने तर पन्नास वर्षांहून जास्त काळ इन्सुलिनवर असलेल्या माणसांना तपासलं, तेव्हा त्यांतल्या काहींच्या रक्तात अजूनही सी-पेप्टाईड सापडलं. सी-पेप्टाईड म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन बनवतंय याची खूण. असं थोडंसं घरचं इन्सुलिनही जेवणानंतरची उसळी आणि गंभीर लो (साखर धोक्याइतकी खाली जाणं), दोन्ही कमी करतं.

पायरी पहिली: दोन वयं आणि एक बेरीज

वहीच्या पहिल्या पानावर लिहा: वय, निदान होऊन झालेली वर्षं, वजन, आणि दिवसभरातल्या सगळ्या इन्सुलिनची बेरीज. बेसल (दिवसभर मंद काम करणारं) आणि जेवणाचं, दोन्ही मिळून, गेल्या आठवड्याची सरासरी. चाळिशीच्या पुढे असाल तर मूत्रपिंडाच्या तपासणीचा शेवटचा आकडाही लिहा.

ही बेरीज का हवी ते उदाहरणाने सांगते. १८०० ला दिवसाच्या एकूण युनिटांनी भागलं की एक युनिट इन्सुलिन साखर साधारण किती मिलिग्रॅमने उतरवेल याचा अंदाज मिळतो. दिवसाला ८ युनिट घेणाऱ्या चिमुकलीसाठी हा आकडा २२५ येतो. ५० युनिट घेणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलासाठी ३६. ३० युनिट घेणाऱ्या आजींसाठी ६०. म्हणजे मुलाच्या हिशेबात एका युनिटची चूक किरकोळ ठरते, तर चिमुकलीच्या बाबतीत तीच चूक तिला बेशुद्ध करू शकते. म्हणूनच लहान मुलांसाठी अर्ध्या युनिटचं पेन मागून घ्या. ते मिळतं, पण मागावं लागतं.

कार्बसाठी (कार्बोहायड्रेट, म्हणजे अन्नातले पिष्ट आणि साखर) ५०० चा भागाकार वापरतात: ५०० भागिले एकूण युनिट, म्हणजे एका युनिटला किती ग्रॅम कार्ब. मुलाला दहा ग्रॅम, आजींना सोळा-सतरा. अगदी लहान मुलांच्या नाश्त्याला मात्र ५०० चं गणित कमी पडतं. तिथे ३३० किंवा २५० धरावे लागतात, कारण त्यांना सकाळी खाण्याच्या मानाने इन्सुलिन जास्त लागतं. हे सगळे सुरुवातीचे अंदाज आहेत. खरा आकडा पुढच्या पायरीत तुमचं शरीरच सांगेल.

इथेच सिरिंजही बघून घ्या. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या ४० च्या आणि १०० च्या (दर मिलिलिटरला तेवढी युनिट), दोन्ही ताकदींच्या मिळतात. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. १०० ची बाटली ४० च्या सिरिंजने भरली तर डोस अडीचपट जातो. दवा बाजारात घाईगर्दीत घेतलेली सिरिंज घरी आल्यावर बाटलीशी ताडून पाहा, दरवेळी.

पायरी दुसरी: एका नाश्त्याची नीट तपासणी

सगळी जेवणं एकदम सुधारायला जाऊ नका. एक जेवण निवडा. इंदूरमध्ये पोहे सोयीचे, कारण ते वारंवार होतात आणि कोरडे असताना मोजता येतात.

स्वयंपाकघराचा डिजिटल काटा घ्या आणि पोहे भिजवण्याआधी तोला. कोरड्या पोह्यांच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ७७ ग्रॅम कार्ब असतात, म्हणजे ५० ग्रॅम पोह्यांना ३८. वरून साखर घालत असाल तर दर सपाट चमच्याला ४ ते ५ ग्रॅम धरा. शेवेचे कार्ब थोडे, पण तेल बरंच. जीरावन मसाला मनसोक्त भुरभुरवा. जिलबी तपासणीच्या दिवशी नको. भिजवलेल्या पोह्यांची वाटी मोजण्यात अर्थ नाही. कुणी ती दाबून भरतं, कुणी सैल, आणि तेवढ्याने हिशेब चुकतो.

तपासणी सुट्टीच्या दिवशी करा. उठल्यावर साखर ८० ते १५० च्या दरम्यान हवी, रात्री लो झालेलं नसावं, आदल्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त धावपळ नसावी. खायला सुरुवात करताना, मग एका तासाने, दोन तासांनी आणि चार तासांनी साखर बघा. जुन्या प्रकारचं रेग्युलर इन्सुलिन असेल तर सहा तासांनीही बघा, कारण त्याचा जोर दोन ते चार तासांनी येतो आणि पाच ते आठ तास टिकतो. नवीन झटपट इन्सुलिनचा जोर एक-दोन तासांत येतो आणि तीन ते पाच तासांत ओसरतो. मधे काही खाऊ नका, जास्तीचा डोस घेऊ नका. अपवाद दोनच: साखर ७० च्या खाली गेली, किंवा ३०० च्या वर जाऊन मळमळ सुरू झाली. अशा वेळी तपासणी सोडा आणि आधी माणूस सांभाळा.

अशा तीन सकाळी पुरतात. अंगावर सतत साखर मोजणारा सेन्सर लावलेला असेल तर स्ट्रिपाही वाचतील आणि आलेख आपोआप मिळेल. पण खाण्याची आणि टोचण्याची वेळ हातानेच लिहा. वेळ लिहिलेली नसली की सुंदर आलेखाचाही काही उपयोग होत नाही.

पायरी तिसरी: आकडे काय सांगतात

एका तासाला साखर खूप चढली, पण चार तासांनी जिथून निघाली तिथे परत आली, तर डोस बरोबर आहे, वेळ चुकते आहे. झटपट इन्सुलिन खाण्याआधी १५ ते २० मिनिटं टोचा, रेग्युलर असेल तर अर्धा तास आधी. खूप जण इथे डोस वाढवतात आणि अकरा-बारा वाजता लो होतात.

चढली आणि चार तासांनीही वरच राहिली, तर इन्सुलिन कमी पडतंय. कमी पडण्याची कारणं तीन: प्रमाण (एका युनिटला किती कार्ब) चुकलं, टोचण्याची जागा खराब झाली, किंवा इन्सुलिनच खराब झालं. इंदूरचा मे महिना आठवा. पारा चाळिशीच्या वर आणि पेन स्कूटरच्या डिकीत! न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर, वापरातलं ३० अंशांच्या आत आणि साधारण २८ दिवसांपर्यंत. फ्रिज नसेल तर ओल्या माठाजवळची जागाही चालते.

पहिले दोन तास साखर छान आणि मग चौथ्या-पाचव्या तासाला चढ, तर जेवणात तेल-तूप-प्रथिनं जास्त होती, किंवा जठर सुस्तावलंय. दोन तासांनीच ७० च्या खाली गेली, तर डोस जास्त झाला, किंवा इन्सुलिन आधी पोचलं आणि अन्न मागून.

यांतलं कोणतं कारण आधी तपासायचं ते वय सांगतं. लहान मुलात सुस्त जठराचा विचार शेवटी येतो, तीस वर्षं जुन्या आजारात पहिला. एका वेळी एकच गोष्ट बदला: वेळ, किंवा प्रमाण, किंवा जागा. प्रमाण बदलायचं तर साधारण १० टक्क्यांनी, आणि मग दोन-तीन दिवस थांबून बघा.

पायरी चौथी: आता वयाप्रमाणे

*सहा वर्षांच्या आत.* इथली मुख्य अडचण पोटापेक्षा मनाची असते: बाळ किती खाईल याचा नेम नाही. सुदामानगरातल्या एका घरी मी बघितलं, आईने १५ ग्रॅम पोहे तोलून केले, डोस दिला, आणि मुलीने तीन घास खाऊन वाटी सरकवली. मग सगळं घर तिच्या मागे चमचा घेऊन. आजी काकुळतीला येऊन म्हणाल्या, "अगं, जेवल्यावरच टोच ना तिला, आधी कशाला?" आजींचं म्हणणं निम्मं खरं होतं. पूर्ण डोस नंतर दिला तर साखर दरवेळी उसळते. त्यापेक्षा मूल हमखास खातं तेवढ्याचा डोस आधी द्या आणि उरलेला ताट संपल्यावर, अर्थात अर्ध्या युनिटचं पेन किंवा पंप असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर. ज्या दिवशी अंदाजच येत नाही, तापात किंवा उलट्या होत असताना, तेव्हा नंतर दिलेलं बरं.

आणखी एक गोष्ट फार घरांना माहीत नसते. मोठ्यांमध्ये पहाटे साखर चढते, पण अगदी लहान मुलांना इन्सुलिनची जास्त गरज रात्री साधारण नऊ ते बाराच्या सुमारास लागते आणि मग पहाटेपर्यंत उतरत जाते. रात्री अकराची २२० पाहून घाबरून पूर्ण डोस टोचला तर तीनला लो होण्याची भीती असते. रात्रीच्या जास्तीच्या डोसाबद्दल डॉक्टरांकडून वेगळा आकडा लिहून घ्या.

*सहा ते दहा-अकरा.* हा त्यातल्या त्यात सोपा काळ. मूल सांगितलेलं ऐकतं, भूक ठरावीक असते, दर किलोला ०.७ ते १ युनिटमध्ये भागतं. शाळेच्या डब्याचे कार्ब डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावून लिहा, म्हणजे बाईंनाही समजतं. मोजण्याची सवय याच वयात लावा, पुढे वेळ मिळत नाही.

*वयात येताना.* इथे सगळ्यात जास्त धीर लागतो, मुलाला आणि आईबापांनाही. वाढीचं संप्रेरक जोरात असतं आणि ते इन्सुलिनच्या कामाला विरोध करतं. दर किलोला १ युनिटच्या वर, कधी १.५, क्वचित २ पर्यंतही गरज जाते. पहाटेची चढ सुरू होते, म्हणून त्याच पोह्यांना सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी इन्सुलिन लागतं. नाश्ता, दुपार आणि रात्र यांचं प्रमाण वेगवेगळं ठेवायची हीच वेळ. मुलींमध्ये पाळीच्या आधीचे काही दिवस साखर चढलेली राहते. वहीत पाळीची तारीख लिहिली तर दोन-तीन महिन्यांत नमुना दिसायला लागतो.

अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ दरम्यान डीसीसीटी नावाची मोठी चाचणी झाली, १४४१ रुग्णांची. तिच्यात उत्तम देखरेख, अनुभवी पथक, सगळं होतं. तरी कसून उपचार केलेल्या किशोरवयीनांचं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) त्याच गटातल्या प्रौढांपेक्षा साधारण एका टक्क्याने जास्तच राहिलं. हे मी प्रत्येक आईबापांना सांगते, कारण या वयातली चढलेली साखर म्हणजे मुलाची बेफिकिरी असं घर धरून चालतं आणि बोलणी सुरू होतात. बोलणी बसली की मुलगा आकडे लपवतो, आणि लपवलेल्या आकड्यांवर डोस ठरवता येत नाही. या वयात डोस सर्रास चुकतो तो कोचिंगच्या बाहेर खाल्लेल्या कचोरीचा किंवा छप्पन दुकानांवर मित्रांबरोबर खाल्लेल्या हॉट डॉगचा. त्याला विचारा, "काय खाल्लंस?" एवढंच. "का खाल्लंस?" नको. मुलगी वजनाच्या धास्तीने मुद्दाम इन्सुलिन टाळतेय असं वाटलं, तर तो शिस्तीचा विषय नाही. लगेच डॉक्टरांना आणि समुपदेशकाला भेटा.

वाढ थांबली की गरज पुन्हा उतरते. अठरा ते बावीसच्या दरम्यान कारण नसताना वारंवार लो होऊ लागलं, तर प्रमाण परत मोजा. सतराव्या वर्षीचा डोस बाविसाव्या वर्षी चालू ठेवू नका.

*तिशी-चाळिशीनंतर निदान झालेले.* यातले बरेच जण आधी टाईप टू म्हणून गोळ्यांवर असतात. प्रतिकारशक्तीमुळेच झालेला, पण संथ चालीचा हा मधुमेह लाडा नावाने ओळखला जातो. सुरुवातीचे काही महिने, कधी काही वर्षंही, इन्सुलिनशिवाय निघतात. याची पहिली खूण अनेकदा जेवणानंतरच्या साखरेतच दिसते: उपाशीपोटी १२०-१३०, आणि जेवणानंतर २५०-३००. वजन उतरतंय, घरात कुणाला मधुमेह नाही, गोळ्या वाढवूनही उपयोग नाही, असं असेल तर डॉक्टरांना गॅड अँटिबॉडी आणि सी-पेप्टाईड या तपासण्यांबद्दल विचारा. निदान झालं की आधीच्या गोळ्यांची यादी पुन्हा बघून घ्यायला सांगा. ज्यांच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येतं त्या गोळ्यांमुळे अशा रुग्णांमध्ये साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्लं साठण्याचा धोकादायक प्रकार, म्हणजे किटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. या गटाकडे अजून घरचं इन्सुलिन असतं, म्हणून जेवणाचे डोस लहान लागतात. ते लहान आहेत म्हणून चुकवायचे नाहीत.

*गरोदरपण* हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे एवढंच की तेव्हा जेवणानंतर एका तासाला १४० च्या आत आणि दोन तासांना १२० च्या आत असं कडक लक्ष्य असतं, आणि बाळंत झाल्याबरोबर गरज झपाट्याने उतरते.

*साठीनंतर, किंवा आजार पंचवीस-तीस वर्षांचा झाल्यावर.* इथे मला थांबून सांगायचंय, कारण घरातल्या मोठ्यांना कुणी विचारत नाही. "ते तर वर्षानुवर्षं घेतात, त्यांना सगळं माहीत आहे," असं म्हणून सोडून देतात.

एका काकांची साखर जेवणानंतर कधी ३०० तर कधी ६०. मी म्हटलं, "काका, टोचता त्या जागेवरून बोट फिरवा बरं." बेंबीच्या उजवीकडे त्यांच्याच हाताला मऊ, जाडसर उंचवटा लागला. "इथे दुखत नाही ना ताई, म्हणून मी इथेच टोचतो," ते म्हणाले. वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी टोचलं की चरबीची अशी गाठ होते. ती दुखत नाही, म्हणूनच माणूस तिथेच परत परत जातो, आणि तिथून इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. पोटाचे चार भाग धरा आणि दर आठवड्याला भाग बदला, दोन टोचण्यांत बोटभर अंतर ठेवा. मात्र चांगल्या जागेवर गेल्या गेल्या तोच डोस जास्त लागू पडतो, तेव्हा पहिल्या दिवशी डोस किती कमी करायचा ते डॉक्टरांना आधी विचारा.

दुसरं, जठर. वर्षानुवर्षांच्या साखरेने पोटाच्या नसा सुस्तावतात. दोन घासांत पोट भरणं, दुपारचं जेवण रात्रीपर्यंत वर येणं, आणि जेवल्यावर आधी लो मग हाय, या त्याच्या खुणा. अशा वेळी पंधरा मिनिटं आधी टोचण्याचा तरुणांचा नियम उलटा पडतो. डॉक्टर बहुधा जेवताना किंवा जेवल्यावर टोचायला सांगतात. थोडं-थोडं, मऊ, कमी तुपाचं खाणं पुढे लवकर सरकतं. वरणभात आणि पातळ खिचडी इथे तुपात बुडवलेल्या बाफल्यांपेक्षा कितीतरी सोपी. साखर खूप चढलेली असली की जठर आणखी मंदावतं, हेही लक्षात ठेवा.

तिसरं, मूत्रपिंड. त्याचं काम मंदावलं की टोचलेलं इन्सुलिन रक्तात जास्त वेळ रेंगाळतं, म्हणजे दुपारच्या डोसाचा परिणाम संध्याकाळपर्यंत. एका डोसावर दुसरा चढवू नका. चौथं, लो झाल्याची घाम-धडधड ही सूचना जुन्या आजारात पुसट होते. सूचना न येता माणूस गोंधळतो, पडतो, आणि घरचे म्हणतात वय झालं. म्हणून वृद्ध आणि धोका जास्त असलेल्या रुग्णांसाठी सेन्सरची लक्ष्यंच वेगळी ठेवलेली आहेत. तरुणांनी दिवसातला ७० टक्क्यांहून जास्त वेळ ७० ते १८० मध्ये राहावं, वृद्धांना ५० टक्क्यांहून जास्त पुरे, पण ७० च्या खालचा वेळ १ टक्क्याच्या आत हवा. बाबांची जेवणानंतरची २१० पाहून सुनेने किंवा मुलाने घाबरू नये. त्यांची ५५ मात्र कधीही चालवून घेऊ नये. डोस घेतला की कॅलेंडरवर लगेच खूण करा, म्हणजे विसरून दुसऱ्यांदा टोचलं जाणार नाही.

सराफा, बाफले आणि सणवार

सराफ्यातला रात्रीचा खाऊबाजार म्हणजे तूप, तेल आणि उशीर, तिन्ही एकत्र. गराडू, भुट्ट्याचा कीस, साबुदाण्याची खिचडी, वरून रबडी. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, कोरड्या १०० ग्रॅमला ८७-८८ ग्रॅम कार्ब. सोबत तेल असल्यामुळे साखर झोपेत, तीन ते पाच तासांनी चढते. किशोरवयीनांना आणि तरुणांना अशा जेवणाचा डोस दोन भागांत घ्यावा लागतो: एक आधी, एक तासा-दीड तासाने. किती आणि कसा, ते सणाच्या आधीच डॉक्टरांकडून लिहून आणा. लहान मुलांना आणि ज्येष्ठांना मात्र अशा रात्री दुसरा डोस देऊन झोपू नका. त्यांचा वाटाच लहान ठेवा आणि शक्य तर दुपारी ठेवा. दाल-बाफल्यांचंही तेच, दुपारी केले तर चढ जागेपणी दिसते.

अनंत चतुर्दशीच्या झांक्या बघायला रात्रभर फिरणं किंवा रंगपंचमीच्या गेरमध्ये (रंगांच्या मिरवणुकीत) नाचणं हा मोठा व्यायाम आहे. त्याचा परिणाम चोवीस तासांपर्यंत राहू शकतो, त्यामुळे त्या दिवसाच्या जेवणाचा डोस थोडा कमी लागतो. रोजच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं गच्चीवर चाललात तरी पहिल्या तासाची चढ ठेंगणी होते, कोणत्याही वयात. ज्येष्ठांनी मात्र जेवल्यावर उठताना आधी मिनिटभर बसावं, जेवणानंतर रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते.

लो झालं तर

७० च्या खाली: मोठ्यांना १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे, पाण्यात विरघळवून. लहानग्यांना वजनाप्रमाणे कमी, ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. पंधरा मिनिटांनी परत तपासा. जिलबी, पेढा किंवा इंदूरची शिकंजी यासाठी कामाची नाही. आपली शिकंजी दुधाची आणि दाट असते, त्यातली साखर पोटातून सावकाश पुढे जाते. ज्यांचं जठर सुस्त आहे त्यांना तर ग्लुकोजचं पाणीच द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका: कुशीवर झोपवा, डॉक्टरांनी दिलेलं ग्लुकागॉन घरात असेल तर टोचा, आणि गाडी बोलवा.

उलट बाजूला, साखर २५० च्या वर राहिली आणि मळमळ, पोटदुखी किंवा जोराचा श्वास सुरू झाला, तर लघवीतले किटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साठणारी आम्लं) तपासा आणि दवाखान्यात न्या. खाणं बंद असलं तरी इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही.

पुन्हा कधी मोजायचं

लहान मुलांचं प्रमाण दर तीन महिन्यांनी, वयात येताना महिन्याला एकदा, प्रौढांचं सहा महिन्यांनी, आणि साठीनंतर मूत्रपिंडाचा किंवा औषधांचा काही बदल झाला की लगेच. हनीमूनमधल्या घरांनी दर पंधरा दिवसांनी दिवसाची बेरीज बघावी. ती चढू लागली की जेवणानंतरची साखरही मागोमाग चढणार आहे. डॉक्टरांकडे जाताना तीन सकाळींचे आकडे, खाण्याची आणि टोचण्याची वेळ, टोचण्याची जागा आणि पहिल्या पानावरची ती दोन वयं, एवढं एका कागदावर न्या, आणि तपासायच्या टेबलावर शर्ट वर करून पोटही दाखवा.